रोमच्या पाण्याचा हिशोब

जमेपेक्षा खर्च जास्त निघाला तर आपण म्हणतो, डेटा चुकलाय. इ.स. ९७ मध्ये रोमला अगदी हेच झालं होतं. सम्राट नेर्व्हाने सेक्स्टस युलियस फ्रॉन्टिनसला शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. गडी आधी ब्रिटनचा गव्हर्नर, पाण्याचं खातं त्याला नवीनच. पण हाताखालच्या लोकांच्या तोंडाकडे बघत कारभार करणं त्याला कमीपणाचं वाटे, म्हणून त्याने स्वतःसाठी टिपणं काढली. ती आजही वाचायला मिळतात.

तर जुन्या दफ्तरात आवक होती १२,७५५ क्विनारिया आणि वाटप १४,०१८! मग पठ्ठ्याने थेट जलवाहिन्यांच्या मुखाशी मापं घेतली. दफ्तरापेक्षा सुमारे १०,००० क्विनारिया जास्त भरली. मधलं पाणी जातंय कुठे?

आता क्विनारिया म्हणजे काय, तर साधारण २.३ सेंटीमीटर व्यासाचा नळ. लिटर वगैरे काही नाही, नुसतं भोक. आपल्याकडे नाही का, 'कनेक्शन अर्धा इंची की पाऊण इंची' असं विचारतात, तसंच. उंचावरून आलेलं पाणी त्याच भोकातून जास्त पडतं हे फ्रॉन्टिनसला कळत होतं, त्याने ते लिहूनही ठेवलंय. पण वेग आकड्यात मांडायची सोय त्याच्याकडे नव्हती. त्यामुळे त्या १०,००० मधली चोरी किती आणि मापाचा दोष किती, हे वेगळं काढता येत नाही. एका क्विनारियाचे लिटर किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला हे जरा खटकतं, कारण ठपका बसला तो पाणी सोडणाऱ्या माणसांवर.

अर्थात ती मंडळीही काही कमी नव्हती. नळजोडणी नव्या मालकाकडे गेली की टाकीला नवं भोक पाडायचं, जुनं तसंच ठेवायचं आणि त्यातलं पाणी विकायचं. शिवाय फरसबंदीखालून नळांना भोकं पाडून वाटेतल्या दुकानांना परस्पर पुरवठा चालू. हे चोरटे फाटे उपसून काढले तेव्हा बरंच शिसं हाती लागलं. पाणी किती पळवलं जात होतं ते या शिशावरूनच समजा, असं फ्रॉन्टिनस लिहितो.