काठीच्या पोटातली तलवार

लहानपणी आमच्या घरी ओटीवर, दाराआडच्या खुंटीला आजोबांची काठी टांगलेली असे. तिच्यात गुप्ती आहे, अशी आम्हां सगळ्या भावंडांची पक्की खात्री होती. एका दुपारी घर निजलेले पाहून मी आणि माझ्या चुलतभावाने ती मूठ पिळली, ओढली, आणि शेवटी ती उपटून हातात आली. आत काय? तर नुसते लाकूड! पाठीवर धपाटे बसले ते वेगळेच. पण वाचकहो, दडवलेल्या पात्याचे ते कुतूहल काही गेले नाही. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा जपानातल्या अशाच काठ्यांची हकीकत वाचनात आली. तीच आज थोडक्यात सांगतो.

जपानी भाषेत या काठीला 'शिकोमिझुए' म्हणतात. म्हणजे आत काहीतरी बसवलेली काठी. नेहमीच्या जपानी तलवारीला मुठीशी लोखंडी तबकडी असते, मुठीवर रेशमी दोऱ्याची विणलेली वीण असते. इथे त्यातले काही नाही. बाहेरून पाहावे तर बांबू किंवा साधे लाकूड. मूठ आणि म्यान यांचा सांधा बांबूच्या पेरावर असा बेमालूम आणलेला की, दोन हातांवरून पाहणाऱ्यालाही शंका येऊ नये.

पण तलवार लपवायची वेळ आलीच का? त्यासाठी थोडे मागे जायला हवे. 1588 साली हिदेयोशी या सत्ताधीशाने शेतकऱ्यांची शस्त्रे गोळा करविली. त्या लोखंडाचे खिळे क्योतोच्या महाबुद्धाच्या मंदिराला लागतील, मग तुम्हांला पुण्यच मिळेल, असे वर सांगितले! पुढे तोकुगावा राजवटीत कमरेला एक लांब आणि एक आखूड अशा दोन तलवारी लावणे हा सामुराईंचा मान ठरला. अडीचशे वर्षे देशात बहुतेक शांतता होती. लढाई नव्हती, तरी तलवार होती. ती आता हत्यारापेक्षा ओळख झाली होती.

1868 मध्ये मेइजी राजवट आली आणि वारे फिरले. 1871 साली सामुराईंना तलवारीवाचून फिरण्याची मुभा मिळाली. मुभेचा हुकूम व्हायला पाचच वर्षे लागली. 28 मार्च 1876 रोजी फर्मान निघाले, की दरबारी पोशाखातले मानकरी, आणि गणवेशातले लष्करी व पोलीस अधिकारी, यांच्याखेरीज कोणीही तलवार लावून बाहेर पडू नये. त्याच वर्षी सामुराईंचे पिढीजात वेतन बंद करून त्यांच्या हाती सरकारी रोखे ठेवण्यात आले. पोटही गेले आणि मानही गेला!

काहींना हे सोसवले नाही. ऑक्टोबर 1876 मध्ये कुमामोतो येथे काही सामुराईंनी बंदुकांना हात न लावता, नुसत्या तलवारी घेऊन सरकारी छावणीवर रात्री हल्ला केला आणि ते मोडले गेले. 1877 साली साइगो ताकामोरीचे मोठे बंडही बुडाले. पण सगळेच काही बंड करीत नाहीत हो! संसार असतो, मुलेबाळे असतात. त्यांच्यातल्या काहींनी निमूटपणे घरचे पाते काठीत बसवले. अशा काठ्या आधीही होत्याच. पण या फर्मानानंतर त्यांना खरा भाव आला. पाश्चात्त्य पद्धतीची टोपी आणि हातात काठी ही तेव्हाची नवी ऐट होती. त्यामुळे काठीवाल्याकडे वळून पाहणार कोण? पोटाला चिमटा बसलेल्या लोहारांनाही हे काम हवेच होते. त्यांच्यातले कितीतरी सुऱ्या आणि शेतीची अवजारे घडवू लागले होते.

आपल्याकडेही याच सुमारास, 1878 साली, इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा करून परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरवला. राज्य बदलले की राज्यकर्त्याची नजर आधी शस्त्रावर जाते, हे दोन्हीकडे सारखेच. आपली गुप्ती आजही भारतीय कायद्याने तलवारीतच मोजली जाते, हेही ध्यानात असावे.

लढाईला ही काठी कितपत उपयोगी? खरे सांगायचे तर बेताचीच. पाते बहुधा अरुंद, हाताला आड नाही, मूठ गोल आणि निसटती. 1962 पासून 'झातोइची' या आंधळ्या मालीशवाल्याच्या चित्रपटांनी तिला जगभर नाव दिले. पडद्यावर तो एका काठीने दहाजणांना लोळवतो. पडद्यावर काय, सगळेच जमते!

मग संग्राहक हिच्यामागे का लागतात? एक तर दडवलेल्या वस्तूची ओढ. दुसरे म्हणजे, आत काय निघेल याचा नेम नाही. कधी घाईने घडवलेले सामान्य पाते, तर कधी कोणा जुन्या कारागिराचे. म्हणून जाणकार आधी मूठ उतरवून पात्याचा मुठीत जाणारा भाग पाहतो. तिथला काळपट गंज हा वयाचा दाखला, आणि कारागिराची सही असलीच तर तिथेच. नवशिका उत्साहाच्या भरात नेमका तोच गंज घासून काढतो आणि वस्तूचे मोल मातीला मिळवतो. धारेजवळची लाटेसारखी धूसर रेघही पाहावी. पाणी देताना पात्याच्या पाठीवर मातीचा जाड आणि धारेवर पातळ लेप देतात, त्यातून ती उमटते. आणखी एक फसगत सांगतो. जपानात चांगली पाती साध्या पांढऱ्या लाकडी म्यानात जपून ठेवतात. ते घरात ठेवायचे म्यान. पुष्कळजण त्यालाच गुप्त काठी समजून पैसे मोजतात.

1945 च्या पराभवानंतर जपानात शस्त्रे जमा करण्याचा हुकूम सुटला आणि असंख्य तलवारी नाहीशा झाल्या. कलावस्तू म्हणून काही वाचवता आल्या. त्यांच्या जतनासाठी 1948 साली संस्था स्थापन झाली. 1958 च्या कायद्यानुसार तिथे आजही अशा पात्याची नोंद करावी लागते.

माझ्या आजोबांच्या काठीत पाते नव्हते. ते नव्हते म्हणूनच बहुधा त्यांना ती निर्धास्तपणे खुंटीला टांगता येत होती. त्या जपानी गृहस्थाचे तसे नव्हते. तो काठी टेकीत बाजारातून चालला, की लोकांना काठी दिसे. त्याला मात्र पावलोपावली आपला गेलेला काळ हाताला लागत असे. संग्रहालयाच्या काचेआड अशी काठी कधी दिसली, तर पात्याबरोबर त्या हाताचीही आठवण ठेवा.