सामूहिक नामस्मरण

सामूहिक नामस्मरण म्हणजे अनेकांनी एकत्र येऊन, एका लयीत ईश्वराच्या नामाचा किंवा मंत्राचा उच्चार करणे होय. ही मुळात भक्तीची साधना आहे. तथापि मनःशांती, एकाग्रता आणि भावनिक आधार यांसाठीही तिचा अवलंब केला जातो.

== परंपरा ==
महाराष्ट्रात वारकरी संप्रदायाने नामस्मरणाला लोकाभिमुख रूप दिले. ज्ञानेश्वरांच्या नावावरील हरिपाठाचे अभंग अनेक गावांत सायंकाळी एकत्र म्हटले जातात. निवृत्तिनाथ, नामदेव, एकनाथ व तुकाराम यांचेही हरिपाठ प्रचलित आहेत. ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) यांनी त्रयोदशाक्षरी राममंत्राच्या जपाचा प्रसार केला.

== स्वरूप ==
हरिपाठात टाळकरी समोरासमोर रांगेत उभे राहतात. एक जण चरण म्हणतो व इतर त्याला साथ देतात. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावले टाकली जातात. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. गावकरी ठरलेल्या वेळी आळीपाळीने पहारा देतात. काकडा, पारायण, प्रवचन, हरिपाठ, कीर्तन व जागर असा दिनक्रम असतो आणि काल्याच्या कीर्तनाने सप्ताहाची सांगता होते. वैयक्तिक जपासाठी १०८ मण्यांची माळ वापरतात.

== मनावरील परिणाम ==
लयबद्ध उच्चार करताना उच्छ्वास लांबतो व श्वसनाची गती मंदावते. इटलीतील लुचानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅथलिक जपमाळेची प्रार्थना किंवा योगमंत्र म्हणताना श्वसन मिनिटाला सुमारे सहा इतके संथ झाले व रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षिप्त क्रिया अधिक संवेदनशील झाली, असे त्यात आढळले. अमेरिकी वैद्य हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात शब्दाच्या पुनरावृत्तीतून येणाऱ्या शिथिलतेचे विवेचन केले. समूहात याला सोबतीची जोड मिळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना व शोकग्रस्तांना ठरलेल्या वेळी माणसांत येण्याचे निमित्त लाभते. एखादा नेहमीचा सदस्य आला नाही, तर त्याची चौकशीही होते.

== मर्यादा ==
वरील अभ्यास लहान असून तो निरोगी व्यक्तींपुरता होता. त्यावरून मानसिक आजार बरे होतात असा निष्कर्ष निघत नाही. नैराश्य, छिन्नमनस्कता यांसारख्या आजारांत नामस्मरण उपचारांना पूरक ठरू शकते, पर्याय नव्हे. दीर्घकाळ मौन ध्यान केल्यास काहींची अस्वस्थता वाढते. वैद्यकीय सल्ल्याविना औषधे थांबवणे धोक्याचे असते. आजार न हटल्यास 'श्रद्धा कमी पडली' असा दोष रुग्णाला देणे अन्यायकारक ठरते, कारण त्यामुळे तो मदत मागण्याचे टाळतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अशी सेवा मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

== हेही पहा ==
* हरिपाठ
* वारकरी संप्रदाय
* ध्यान