चाकांवरचे घर : थोरले की धाकटे?

प्रवासाला निघताना घरातले किती सोबत न्यावे आणि किती मागे ठेवावे, हा प्रश्न मोटारीपेक्षा पुष्कळ जुना आहे. आज तो नव्या शब्दांत विचारला जातो : मोठी, ऐषआरामी मोटारहोम घ्यावी की लहानशी कॅम्परव्हॅन? पहिली म्हणजे बसएवढे वाहन. तीत पलंग, ओटा, शीतकपाट, न्हाणीघर, शौचकूप असे सारे काही असते. दुसरी म्हणजे सामानाच्या गाडीएवढी व्हॅन. तीत दिवसाचे बाक रात्री शय्या होते आणि स्वयंपाक एका शेगडीवर भागतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्याही घराच्या ओसरीवर येऊन बसला आहे. त्याचे उत्तर विक्रेत्याच्या दुकानात शोधण्यापूर्वी इतिहासाला विचारून पाहावे, हे बरे.

फिरत्या राजवाड्याची कल्पना मोगलांइतकी कोणी पूर्णत्वास नेली नसेल. अकबराच्या एका तळाचे सामान हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० भोई लागत, असे अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त नोंदवून ठेवले आहे. तंबू उभारण्यासाठी एक हजार फर्राश असत, ते निराळेच. औरंगजेबाबरोबर काश्मीरकडे गेलेला फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो, की बादशहाचे तंबू दुहेरी असत. एका संचात बादशहाचा मुक्काम असे, तोवर दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहात असे. या पुढे जाणाऱ्या संचाला ‘पेशखाना’ म्हणत. म्हणजे एक घर वापरायचे, तर दोन बाळगावी लागत.

पुढे हेच घर दक्षिणेत उतरले. १६९५ साली इटालियन प्रवासी जेमेली करेरी याने कृष्णाकाठच्या गलगल्याला औरंगजेबाची छावणी पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा असल्याचे त्याने लिहून ठेवले. आपल्या सीमाभागातील वाचकांना गलगले काही दूरचे नाही. एवढा पसारा घेऊन चालणारे सैन्य किती वेगाने चालणार, याची कल्पना कोणालाही करता येईल.

त्याच वर्षाच्या अखेरीस चित्रदुर्गाजवळ दोड्डेरीला या पसाऱ्याची किंमत मोजली गेली. कासीमखान या मोगल सरदाराकडे दरबारातून बडे पाहुणे सरदार आले होते. त्यांचा थाटाने सत्कार करावा म्हणून खानाने आपले उंची तंबू आणि मौल्यवान भांडीकुंडी बाहेर काढली व पेशखाना काही मैल पुढे रवाना केला. संताजी घोरपड्यांनी नेमका त्यावरच घाला घातला. पेशखान्याच्या बचावासाठी सैन्य धावले, ते वाटेत अडकले. मागची छावणीही लुटली गेली. अखेर सारे दोड्डेरीच्या गढीत कोंडले गेले, कासीमखान तेथेच मरण पावला आणि उरलेल्यांना खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. मराठी स्वाराचे घर त्याच्या खोगिरावर मावत होते. त्याला मागे वळून पाहावे असे काही मागे राहिलेलेच नसे.

युद्धाचा न्याय सहलीला लावणे योग्य नव्हे, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. तेव्हा केवळ हौसेसाठी हिंडणाऱ्यांकडे वळू. या हौसेचा आद्य पुरुष म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचे नाव घेतले जाते. हे आरमारातून निवृत्त झालेले शल्यवैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि दक्षिण इंग्लंडमधून निघून स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत ते गेले. गाडी भरल्यावर तिचे वजन दोन टनांच्या घरात जाई. तिच्या दिमतीला दोन घोडे, एक गाडीवान आणि एक चाकर. हा चाकर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जाई, वाट कशी आहे ते पाही, समोरून येणाऱ्यांना सावध करी. पेशखान्याचाच हा धाकटा भाऊ! घर मोठे झाले की त्याच्यापुढे कोणीतरी धावावे लागते, हा नियम येथेही सुटला नाही.

मोटार आल्यावर श्रीमंतांनी प्रथम मोठेच घर मागितले. १९१० साली अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीने जी प्रवासी मोटार दाखविली, तिच्यात मागील आसनाची शय्या होई, हात धुण्याचे पात्र होते आणि चालकाशी बोलण्यास दूरध्वनीही होता. १९१५ मध्ये रोलंड कॉंक्लिन या उद्योगपतीने ‘जिप्सी व्हॅन’ नावाची अवाढव्य घरमोटार बांधली आणि तीतून सहकुटुंब न्यूयॉर्कच्या बाजूकडून सॅन फ्रान्सिस्कोकडे प्रयाण केले. तीत स्वयंपाकघर, न्हाणी, पुस्तकांचे कपाट आणि वर गच्चीसुद्धा होती. वृत्तपत्रांनी तिचे कौतुक केले. पण सामान्य अमेरिकन कुटुंब मात्र फोर्डच्या साध्या मोटारीला तंबू बांधून देश पाहावयास निघाले.

धाकट्या घराला खरे रूप दिले ते युद्धोत्तर जर्मनीने. १९४७ साली बेन पॉन या डच व्यापाऱ्याने आपल्या टिपणवहीत फोक्सवॅगनच्या पेटीवजा गाडीचे रेखाटन केले. १९५० मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. इंजिन अवघे पंचवीस अश्वशक्तीचे, लांबी सव्वाचार मीटरांहून किंचित अधिक. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी काढता-घालता येणारे फर्निचर तयार केले. आठवडाभर तीच गाडी दुकानाचा माल वाही आणि सुटीच्या दिवशी कुटुंबाचे घर होई. युद्धाने होरपळलेल्या मध्यमवर्गाला दोन गाड्या परवडणार नव्हत्या. या टंचाईतूनच कॅम्परव्हॅन जन्मली. इंग्लंडातील ‘डॉर्मोबिल’ने त्यात वर उचलता येणाऱ्या छपराची भर घातली.

अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि रस्ते रुंद. तेथे थोरले घर फोफावले. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ पासून मोटारहोम साखळीपद्धतीने बनवून मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली. जनरल मोटर्सची प्रसिद्ध मोटारहोम १९७३ च्या नमुन्याची म्हणून बाजारात आली. आणि त्याच ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले! काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. पेट्रोलसाठी रांगा लागल्या. १९७८ मध्ये जनरल मोटर्सने ते उत्पादन बंद केले.

याच सुमारास धाकट्या गाडीने एक मोठा पल्ला गाठला होता. युरोपातील तरुण जुन्या व्हॅन घेऊन इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर या मार्गाने हिंदुस्थानात येत आणि त्यांपैकी अनेक गोव्याच्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर विसावत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात सोव्हिएट फौजा शिरल्या आणि ती वाट बंद झाली. तोवर हजारो मैलांच्या त्या खडतर रस्त्याने या लहान गाड्यांची परीक्षा पाहिली होती. वाटेतला लोहारही दुरुस्त करू शकेल, असा त्यांचा साधेपणा हीच त्यांची शिदोरी.

मग थोरल्या घराच्या बाजूने काहीच नाही का? आहे. वृद्ध आईवडील बरोबर असतील, रात्री-अपरात्री शौचकूप जवळ हवे असेल, पाऊस दिवसभर कोसळत असेल, तर लहान गाडीतील तीन माणसे एकमेकांना नकोशी होतात. एका ठिकाणी आठ-आठ दिवस राहणाऱ्याला मोठी गाडी सुखाची ठरते. परंतु तिचा हिशेब पुरता मांडावा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. मैल्याची टाकी भरली की ती रिती करण्यास योग्य जागा हवी. ती नसेल तर गावकऱ्यांच्या ओढ्याचा अपराध घडतो. आंबोलीच्या किंवा चोर्ल्याच्या घाटातील वळणे, जुन्या गावांच्या वेशी आणि आडवे आलेले वडाचे फाटे गाडीची किंमत पाहून वाट देत नाहीत.

अमेरिकेत आज मोठ्या मोटारहोमच्या मागे एक लहान मोटार बांधून नेण्याची रीत आहे. घर तळावर उभे करावयाचे आणि गाव पाहावयास त्या लहान मोटारीतून जावयाचे. अकबराला दोन तंबू लागले, स्टेबल्सना सायकलवरचा चाकर लागला, या गृहस्थांना दुसरी मोटार लागते.

तेव्हा निवड करताना गाडीची लांबी मोजण्याआधी आपले मुक्काम मोजावे. मुक्काम थोडे आणि दीर्घ असतील, तर थोरले घर घ्यावे. वाट पुष्कळ चालावयाची असेल, तर धाकट्या घरातच अधिक देश मावतो.