जुना मदरबोर्ड आणि त्याचा वेग

नवा संगणक घेताना आपण विचारतो, हा किती वेगवान आहे? जुन्या खेळांसाठी जुना संगणक उभा करणाऱ्याचा प्रश्न मात्र उलटा असतो, हा पुरेसा हळू चालेल ना? ऐकायला गंमत वाटते, पण यामागे मोठा इतिहास आहे.

१९८१ साली आयबीएमने आपला पीसी आणला. त्यातला इंटेल ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. त्या काळी कित्येक खेळ लिहिणाऱ्यांनी घड्याळाकडे न पाहता प्रोसेसरच्या फेऱ्यांवरच वेळ मोजला. पुढे प्रोसेसर वेगवान झाले आणि या खेळांतली पात्रे डोळ्याचे पाते लवण्याआधीच मरू लागली! म्हणून कॅबिनेटवर 'टर्बो' बटण आले. नाव टर्बो, काम मात्र यंत्राला आवरण्याचे.

आता जरा सावरगावकडे जाऊ. हे गाव मध्य प्रदेशातले, २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर तालुके वेगळे काढून झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिले. सीमा बदलली, घरातली मराठी राहिली. आम्हां गोमंतकीयांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

समजा, तिथल्या एखाद्या घराच्या माळ्यावर १९९७ च्या सुमाराचा पेंटियम एमएमएक्सचा मदरबोर्ड सापडला. भंगारात घालण्यापूर्वी काय पाहावे?

प्रथम कपॅसिटर पाहा, फुगलेले असतील तर वीज देऊ नका. बटणासारखी सीआर २०३२ बॅटरी बदला, नाहीतर बायोसच्या नोंदी दर वेळी पुसल्या जातील. मग जम्पर. १६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे बस ६६ आणि गुणक अडीच. एमएमएक्सला गाभ्यासाठी २.८ व्होल्ट लागतात. त्याआधीच्या साध्या पेंटियमचे ३.३ त्याला दिलेत तर तो तापेल. आणि बोर्डावर इंटेलचा ४३०टीएक्स चिपसेट असेल तर ६४ मेगाबाइटपेक्षा जास्त मेमरीचा मोह टाळा. त्यापुढची मेमरी कॅशेत येत नाही, म्हणून मेमरी वाढवून यंत्र मंदावते!

वेग मोजायला १९९३ चा 'डूम' अजूनही उत्तम. त्याच्या १.९ आवृत्तीतला तिसरा डेमो 'टाइमडेमो' पद्धतीने चालवला की शेवटी दोन आकडे मिळतात. खेळातले टिक २१३४ ठरलेले, दुसरा आकडा प्रत्यक्ष लागलेल्या टिकांचा. एका सेकंदाचे ३५ टिक. दुसरा आकडा १४९४ आला तर २१३४ गुणिले ३५ भागिले १४९४, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० चित्रे. आता बायोसमधली प्रोसेसरची अंतर्गत कॅशे बंद करून पुन्हा मोजा. तोच पेंटियम जवळजवळ ३८६ च्या चालीवर येतो आणि ऐंशीच्या दशकातले खेळ खेळण्याजोगे होतात. एका बोर्डात दोन जमाने सापडतात, ते असे.

आवाजासाठी आयएसए खाचेत साउंड ब्लास्टर १६ बसवायचे. पत्ता २२०, इंटरप्ट ५, डीएमए १. बायोसमध्ये इंटरप्ट ५ जुन्या कार्डांसाठी राखून ठेवायचा, नाहीतर खेळ मुका राहील.

याच आयएसए खाचेशी मराठीचेही नाते आहे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेले 'जिस्ट' कार्ड अशाच खाचेत बसे आणि डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवी. त्यामागच्या इस्की संकेताला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांना सारखीच असल्याने ज्याला मराठी टंकता येई त्याला हिंदीसाठी वेगळे शिकावे लागत नसे. सीमेवरच्या माणसाला ही सोय किती मोलाची!

नंतरच्या मदरबोर्डांवरून आयएसए खाच नाहीशी झाली. खेळ आज एम्युलेटरवर चालतात, हे खरे. पण हाती जुने जिस्ट कार्ड असेल तर त्याला खाच असलेला खरा बोर्डच हवा. खेळासाठी का होईना, कोणी तो चालता ठेवला, तर मराठी संगणकावर कशी आली हे पुढच्या पिढीला प्रत्यक्ष पाहता येईल. तेव्हा माळा साफ करताना हिरवी पाटी दिसली, तर वजनकाट्यावर ठेवण्याआधी तिच्यावरच्या खाचा मोजा.