शंभर फ्रँकची नोंद

१८४८च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती होऊन राजा लुई-फिलिपची राजवट कोसळली आणि जुन्या मंत्र्यांची दप्तरे नव्या लोकांच्या हाती पडली. त्यांत सरकारच्या गुप्त निधीतून पैसे मिळालेल्यांची एक यादी निघाली. तिच्यात समीक्षक शार्ल-ऑगुस्तँ सँत-बव्ह यांचे नाव होते आणि नावापुढे १०० फ्रँक.

सँत-बव्ह तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. वैद्यकाचे शिक्षण अर्धवट सोडून ते लेखनाकडे वळले होते. १८४०पासून माझारीन ग्रंथालयात ग्रंथपाल आणि १८४४पासून फ्रेंच अकादमीचे सभासद. अशा माणसाने सरकारकडून लाच घेतली, अशी कुजबुज सुरू झाली. त्यांनी खुलासा मागितला, आदळआपट केली, शेवटी ग्रंथालयाची नोकरी सोडली आणि बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठात शिकवायला निघून गेले.

मग ते शंभर फ्रँक कसले? उत्तर सापडते ते लेखक शातोब्रियाँवरच्या त्यांच्या पुस्तकात. लिएजला दिलेली ही व्याख्याने १८६१ मध्ये छापली, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी सगळी हकिकत लिहिली. ग्रंथपाल म्हणून मिळालेल्या सरकारी बिऱ्हाडातले धुराडे नीट चालत नव्हते, खोलीत धूर कोंडायचा. दुरुस्तीची मागणी त्यांनी केली होती. तो खर्च अशा तऱ्हेने त्यांच्या नावावर पडला असावा, असे त्यांचे म्हणणे.

ही साक्ष आरोपीचीच, तीही तेरा वर्षांनंतरची. शिवाय राजीनाम्याला एकच कारण होते असेही धरता येत नाही. क्रांतीनंतरचे पॅरिस त्यांना मानवत नव्हतेच. तरी धुराड्याची हकिकत मला खरी वाटते. पगार आणि राहते घर सरकारकडूनच मिळणाऱ्या अकादमी-सभासदाला विकत घ्यायचे, तर एवढ्या किरकोळ रकमेत कोण घेईल? आणि सरकारी पैशाचे त्यांना वावडे होते असेही नाही. १८६५ मध्ये सम्राट नेपोलियन तिसऱ्याने त्यांना सिनेटर केले, तेव्हा वर्षाला ३०,००० फ्रँकचे मानधन त्यांनी उघडपणे स्वीकारले.

या प्रकरणात मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. लेखक समजून घ्यायचा तर त्याचे घरदार, त्याची श्रद्धा, पैशाशी असलेले नाते, रोजची राहणी, त्याचे दुबळेपण, सगळे विचारले पाहिजे, असे सँत-बव्ह १८६२च्या जुलैमधल्या लेखांत सांगतात. जुनी पत्रे, आठवणी, चिठ्ठ्याचपाट्या हेच त्यांचे साधन. पुढे कादंबरीकार प्रूस्तने या पद्धतीवर कडाडून हल्ला केला: पुस्तक लिहिणारा ‘मी’ आणि रोजच्या व्यवहारात वावरणारा माणूस एक नव्हेत. या वादात मी प्रूस्तच्या बाजूचा. पण खुद्द सँत-बव्ह यांच्यावरच एका सुट्या कागदाने बालंट आणले, तेव्हा ते कागदांनाच खोटे ठरवून मोकळे झाले नाहीत. त्या आकड्यामागचा खर्च त्यांनी शोधला. ही चिकाटी त्यांच्या पद्धतीची खरी ताकद आहे.

लिएजहून परतल्यावर सोमवार, १ ऑक्टोबर १८४९ रोजी ‘कॉन्स्टिट्युशनेल’ या वर्तमानपत्रात त्यांचा पहिला साप्ताहिक लेख आला. ‘सोमवारच्या गप्पा’ तिथून सुरू झाल्या. बहुतेक वाचक सँत-बव्ह यांना ओळखतात ते या गप्पांमुळेच. सिनेटच्या मानधनानेही त्यांचे तोंड बंद झाले नाही: १८६७ मध्ये त्याच सभागृहात, सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेत, ते वादग्रस्त धर्मचिकित्सक रेनाँच्या बाजूने बोलले. मृत्यूच्या वर्षी, १८६९ मध्ये, सरकारी वर्तुळ सोडून ते विरोधकांच्या ‘ताँ’ या वर्तमानपत्रात लिहू लागले.