अद्भुताची चित्रे आणि जस्ताचे ठसे

अद्भुत कथेसाठी चित्र काढावयास बसलेल्या चित्रकारापुढील पहिला प्रश्न पिशाच्च कसे दिसते हा नसतो. ते कोणत्या कागदावर छापले जाणार हा असतो. मराठीत या प्रकारच्या कथांना हक्काचे स्थान ज्या मासिकाने दिले, त्या ‘नवल’चा इतिहास याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १९४६ साली ‘हंस’ आणि १९५० साली ‘मोहिनी’ काढणाऱ्या अनंत अंतरकरांनी गूढ, भयकारक आणि वैज्ञानिक कल्पनेच्या कथांसाठी हे तिसरे मासिक चालविले, आणि नारायण धारपांसारख्या लेखकांच्या कथा त्यातून महाराष्ट्रभर गेल्या.

महाराष्ट्रभर म्हणताना लातूर-नांदेडकडील वाट ध्यानी घ्यावी. पुण्याचा अंक रेल्वेने लातुरास यावयाचा, तर त्याला कुर्डुवाडीस मोठी गाडी सोडून, १९११ साली लातुरापर्यंत पोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर चढावे लागे. नांदेडासाठी मनमाडहून निघणारा, निजामाच्या अमदानीत १९०० साली खुला झालेला गोदावरी खोऱ्याचा मीटरगेज मार्ग होता. निजामाचे राज्य संपविणाऱ्या पोलीस ॲक्शनपूर्वी तर हद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते, व्यवहारात हाली शिक्का हे निजामाचे चलन होते, आणि दफ्तरापासून शाळेपर्यंत उर्दूचा अंमल होता. या अंमलाचा एक अनपेक्षित लाभ असा, की उर्दूतून शिकलेल्या येथील मराठी वाचकास तिलिस्म, ऐयार आणि जादूचे किल्ले परके नव्हते. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून १८८३ पासून निघालेल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ची ती दुनिया होती. उर्दू ग्रंथ बहुधा शिळाछापाचे असत. कातिबाचे अक्षर आणि चित्रकाराची रेघ एकाच दगडावर उतरे, म्हणून चित्रासाठी निराळा ठसा करावा लागत नसे. मराठी खिळ्यांच्या छपाईत मात्र प्रत्येक चित्रासाठी वेगळा ब्लॉक बनवावा लागे, आणि त्याची आकारणी चौरस इंचाच्या हिशेबाने होई.

आता या ब्लॉकची गोष्ट. करड्या छटांचे चित्र छापावयाचे तर हाफटोन हवा, म्हणजे जाळीच्या काचेतून छायाचित्र घेऊन छटांचे लहानमोठे ठिपके करावयाचे. परंतु स्वस्त कागदावर शाई पसरते आणि ठिपके एकमेकांत मिसळून नायिकेचा चेहरा काजळी धरल्यासारखा होतो. म्हणून कथाचित्रे बहुतेक लाइन ब्लॉकवर काढीत. जस्ताच्या पत्र्यावर तेजाब उरलेला भाग खाऊन टाकी आणि काळ्या रेषा तेवढ्या उंच राहत; मधली छटा म्हणून काही नाहीच. ती हवी असल्यास चित्रकाराने बोरूने, निबने, कोरड्या कुंचल्याने, एकेक रेघ आणि एकेक टिंब देऊन निर्माण करावी. मूळ चित्र छापील मापाहून मोठे काढीत, म्हणजे लहान होताना हाताचा कंप लपे; पण रेघा फार दाट पडल्या तर त्याच लहान होताना शाईने बुजत. अर्धवट उघडे दार, आत निबिड काळोख, आणि कडेशी पांढऱ्या सोडलेल्या कागदाचीच चार बोटे: एवढ्यावर चित्रकाराचे काम भागे. सलग काळ्या भागात शाई कमी पडून पांढरे कण राहत. छापखानेवाल्यास तो दोष वाटे, मला मात्र भयकथेत तो गुणच वाटतो.

हीच अडचण अमेरिकेतही होती. ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकात १९३५ पासून चित्रे काढणाऱ्या व्हर्जिल फिनले यांनी काळ्या लेपाचा पुठ्ठा खरवडून व अगणित टिंबे देऊन त्या हलक्या कागदावरही तलम छटा उठविल्या. कागद हलका, म्हणून मेहनत भारी!

मुखपृष्ठाचा कारभार निराळा. तेथे रंग होते, उत्तम कागद होता, आणि रघुवीर मुळगावकर व दीनानाथ दलाल हे दोन गोमंतकीय चित्रकार होते. दलालांचा ‘दीपावली’ अंक १९४५ पासूनचा. मुळगावकर फवाऱ्याच्या तंत्राने देवदेवता आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतील काळा पहाड सारख्याच तजेल्याने रंगवीत. त्यांचे कौशल्य निर्विवाद. पण त्या गुळगुळीत कांतीला भीतीचा स्पर्श क्वचितच होतो असे माझे मत आहे, आणि ते मुळगावकरांच्या चाहत्यांस मानवणार नाही हेही मी जाणून आहे.

ऑफसेट आल्यावर जस्ताचा पत्रा गेला, चौरस इंचाचा हिशेब गेला, आणि चित्र कोणत्याही छटेचे असो, ते छापले जाऊ लागले. धारपांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या औरंगाबादच्या साकेत प्रकाशनाने काढल्या. म्हणजे ज्या प्रदेशाकडे हे साहित्य लहान रुळांवरून येत असे, तेथूनच ते बाहेर जाऊ लागले. चित्रांचेही तसेच झाले. नांदेडचे नयन बाराहाते यांनी मराठी पुस्तकांसाठी मुखपृष्ठे केली, ती मुंबई-पुण्यास बिऱ्हाड न हलविता.