भागधारकाचा वकील

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. शेतीच्या बांधासाठी दोन पिढ्या भांडून शेतच गमावणाऱ्यांचा अनुभव या म्हणीच्या पाठीशी आहे. पण ज्याचे नुकसान शंभर-दोनशे रुपयांचे आणि ज्याचा प्रतिवादी कोट्यवधींचा धनी, अशा माणसाने काय करावे? पायरी चढावी तर वकिलाची फीच नुकसानीहून मोठी; न चढावी तर लुबाडणाऱ्याला मोकळे रान. या पेचातून वकिलांचा एक नवा वर्ग अमेरिकेत उदयाला आला. त्याची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

1929च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. लक्षावधी सामान्य कुटुंबांची पुंजी बुडाली. हा दैवाचा कोप आहे, असे मोठमोठ्या पेढ्यांचे चालक सांगत होते आणि लोकही ते मानीत होते. हा समज मोडला तो फर्डिनंड पेकोरा या वकिलाने. सिसिली बेटावर 1882 साली जन्मलेला हा चांभाराचा मुलगा लहानपणीच अमेरिकेत आला. न्यूयॉर्कमध्ये सरकारी वकील म्हणून त्याने बारा वर्षे काढली. 1933च्या जानेवारीत सेनेटच्या चौकशी समितीने त्याला महिना 255 डॉलरांवर नेमले. पुढल्याच महिन्यात नॅशनल सिटी बँकेचे अध्यक्ष चार्ल्स मिचेल त्याच्यापुढे साक्षीला उभे राहिले. मिचेल यांना 1929 या एका वर्षात पगाराव्यतिरिक्त दहा लाख डॉलरांहून अधिक बक्षीस मिळाले होते!

पेकोराने आरडाओरडा केला नाही. बँकेचीच दप्तरे त्याने समोर ठेवली. पेरू देशाची पत चांगली नाही, असे बँकेच्या स्वतःच्या माणसांनी लिहून ठेवले असताना तिच्या जोडकंपनीने त्या देशाचे कर्जरोखे लोकांच्या गळ्यात बांधले होते. बाजार कोसळल्यावर वरिष्ठ अधिकाऱ्यांना बिनव्याजी कर्जे मिळाली. कारकून मात्र जुन्या चढ्या भावाने घेतलेल्या शेअरांचे हप्ते पगारातून भरीत राहिले. काही दिवसांतच मिचेल यांना राजीनामा द्यावा लागला. 1933 व 1934 या दोन सालांत रोख्यांच्या विक्रीवर आणि शेअरबाजारावर अंकुश ठेवणारे दोन कायदे झाले.

परंतु, श्रोतेहो, चौकशीने पाप उघडे पडते. गेलेला पैसा परत येत नाही. तो आणावयाचा कोणी? येथे दुसरा वकील पुढे येतो. त्याचे नाव अब्राहम पोमरँट्झ. वय तिशीच्या आसपास, वकिली बेताची. त्याच्या शाळेतील व्यायामशिक्षकाची विधवा आपले मोजके शेअर घेऊन त्याच्याकडे आली. ते शेअर याच बँकेचे होते.

कायद्याच्या दृष्टीने अडचण अशी होती, की संचालकांनी जे गैर केले त्याने कंपनीचे नुकसान होते, म्हणून दावा कंपनीने लावावा. पण कंपनीच्या नाड्या त्याच संचालकांच्या हाती! कुंपणच शेत खाऊ लागले तर राखण कोणी करावी? यावर न्यायालयांनी पूर्वीच एक तोड काढलेली होती: एखाद्या भागधारकाने कंपनीच्या वतीने दावा लावावा, वसूल झालेली रक्कम कंपनीच्या तिजोरीत जावी, आणि वकिलाला त्यातून न्यायालय ठरवील ती फी मिळावी. दावा हरला तर वकिलाच्या पदरी काहीच नाही. पेकोराच्या चौकशीतील माहितीच्या आधारे पोमरँट्झ लढला, आणि मिचेलप्रभृतींवर सुमारे 18 लाख डॉलरांचा हुकूमनामा झाला. तेथून त्याच्या आयुष्याची दिशा ठरली.

आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या मार्गाने न्याय मागणारे आले, तसे केवळ फीवर डोळा ठेवणारेही आले. दोन-चार शेअर असलेला अशील शोधावयाचा, दावा ठोकावयाचा, आणि गुपचूप तडजोड करून पैसे घ्यावयाचे, असा धंदा काहींनी मांडला. म्हणून 1944 साली न्यूयॉर्क राज्याने कायदा केला, की ज्यांच्याकडे पाच टक्के किंवा 50,000 डॉलरांहून अधिक किंमतीचे शेअर नाहीत, त्यांच्याकडून प्रतिवादीच्या खर्चापोटी तारण मागता यावे. चोराला अडविण्यासाठी घातलेल्या या कडीने गरिबालाही बाहेर ठेवले. मग वकिलांनी 1934च्या मध्यवर्ती कायद्याचा आधार घेऊन संघराज्याच्या न्यायालयांची वाट धरली. एक वाट बुजविली की पाणी दुसरी शोधते, त्यातलाच हा प्रकार.

पोमरँट्झ 1946 साली न्यूरेंबर्ग येथे जर्मन उद्योगपतींवरील खटल्यांच्या तयारीत होता. पुढे 1960च्या सुमारास म्युच्युअल फंडांचे चालक घेत असलेल्या भरमसाट मोबदल्याविरुद्ध त्याने दावे लावले. 1970च्या दुरुस्तीने अशा मोबदल्याबाबत गुंतवणूकदाराला दाद मागण्याचा स्पष्ट हक्क दिला. 1982 साली तो वारला. तो स्वतः श्रीमंत झाला, हे खरे. पण त्याच्या फीचा मत्सर करणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे, की ती फी नसती तर त्या विधवेच्या दारात एकही वकील उभा राहिला नसता.

हा इतिहास आपल्याला परका नाही. 1992 साली मुंबईच्या शेअरबाजारातील घोटाळ्याने अनेक मराठी घरांतील बचत पोळली. त्याच वर्षी सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. 2013च्या कंपनी कायद्याने ठराविक संख्येने एकत्र आलेल्या भागधारकांना सामुदायिक दाद मागण्याची तरतूदही केली. कायदा कागदावर आहे. थेंबे थेंबे तळे साचते, तसे नुकसानही थेंबाथेंबानेच होते. आणि म्हणूनच ते कोणालाच आपले वाटत नाही. शहाण्याने एकट्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे मान्य. पण हजार शहाण्यांनी मिळून ती चढू नये, असे कोणत्याही म्हणीत सांगितलेले नाही.